रनिंग बॅक : पळणं सगळ्यांना दिसतं, थांबणं दिसत नाही

३ नोव्हेंबर २०२४ रोजी फिलाडेल्फियात ईगल्स आणि जॅक्सनव्हिल जॅग्वार्स यांचा सामना सुरू होता. ईगल्सच्या सॅक्वॉन बार्कलीनं एकाला चकवलं, तो गर्रकन फिरला, त्याची पाठ समोरच्या खेळाडूकडे झाली आणि तशाच अवस्थेत, मागे न बघता, त्यानं त्या खेळाडूच्या अंगावरून उलटी उडी मारली. वर पाय टेकून पुढे पळालाही. अमेरिकन फुटबॉलचे नियम ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्याही मोबाईलवर ही रील येऊन गेली असेल.

उडी भन्नाटच होती, पण ती बघून रनिंग बॅक चांगला कशानं होतो हे मात्र कळत नाही. कॉलेजातल्या एखाद्या १९-२० वर्षांच्या पोराला निवडताना जाणकार मंडळी अशा उड्या बाजूला ठेवतात आणि भलत्याच गोष्टी बघतात.

आधी खेळ थोडक्यात

दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला १० यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. असं करत टोकाच्या पट्ट्यात पोचलं की टचडाऊन, सहा गुण. चेंडू पुढे न्यायचे मुख्य मार्ग दोनच : क्वार्टरबॅकनं लांब फेकायचा, नाहीतर मागे उभ्या असलेल्या गड्याच्या पोटाशी द्यायचा आणि त्यानं पळायचं. हा मागे उभा असलेला गडी म्हणजे रनिंग बॅक. त्याच्या पुढे स्वतःच्या संघाचे पाच आडदांड गडी भिंतीसारखे असतात आणि त्या भिंतीपलीकडे त्याला खाली पाडायला निघालेले अकरा जण. भिंतीत फट पडते, पण ती अर्धा-एक सेकंद टिकते. सगळा खेळ त्या अर्ध्या सेकंदाचा.

वेगाचं काय?

दरवर्षी व्यावसायिक लीगसाठी, म्हणजे एनएफएलसाठी, निवड होण्याआधी कॉलेजच्या खेळाडूंची शारीरिक चाचणी होते. तिथं सगळ्यात गाजते ती ४० यार्डांची धाव. २००८ मध्ये ख्रिस जॉन्सन ही धाव ४.२४ सेकंदांत धावला आणि पुढच्याच वर्षी त्यानं एका हंगामात २००६ यार्ड काढले. तेव्हा वेग नकोच असं कुणी म्हणणार नाही.

पण एमिट स्मिथचं उदाहरण बघा. १९९० च्या निवडीत त्याच्याआधी १६ जणांची नावं पुकारली गेली. उंची कमी, पळायला फार वेगवान नाही, अशी त्याच्याबद्दल कुजबुज होती. तोच स्मिथ निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १८,३५५ यार्ड होते आणि तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. टेरेल डेव्हिस तर १९९५ मध्ये १९६ वा निवडला गेला. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यानं एका हंगामात २००८ यार्ड काढले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

घड्याळ पकडू शकत नाही असं काहीतरी या दोघांकडे होतं. सपाट मैदानावर सरळ रेषेत ४० यार्ड पळणं आणि पाच जण हात पसरून उभे असताना पाच यार्ड काढणं, ही दोन वेगळी कामं आहेत. कबड्डी खेळलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. शंभर मीटर धावण्यात पहिला येणारा पोरगा चढाईला गेला की पहिल्याच मिनिटाला पकडला जातो, हे आपल्याकडच्या कुठल्याही तालमीत दिसतं.

थांबायचं कधी

नवख्या रनिंग बॅकची पहिली चूक ठरलेली असते : चेंडू हातात आला की सुसाट सुटणं. समोरची फट अजून उघडायचीच असते आणि हा आपल्याच गड्याच्या पाठीवर जाऊन आदळतो.

बरेच संघ अशी पद्धत वापरतात की आघाडीचे पाचही जण एकाच दिशेला, आडवे सरकतात. बॅकनंही त्यांच्यामागून तिरकं सरकायचं, एका ठरलेल्या बचावपटूवर नजर ठेवायची. तो बाहेरच्या बाजूला खेचला गेला तर आत वळायचं, आत घुसला तर बाहेरून जायचं. वळण घ्यायचं ते एकदाच, पाय रोवून, आणि मग मागेपुढे न बघता सरळ. डेव्हिसची सगळी कमाई याच एका वळणावर झाली. आधी सावकाश, मग एकदम, असा तो ताल आहे. पिट्सबर्गचा लेव्हियन बेल तर भिंतीमागे जवळजवळ उभाच राहायचा. बघणाऱ्याला वाटावं, हा झोपला की काय. आणि फट दिसली की गायब.

हा धीर शिकवून किती येतो यावर प्रशिक्षकांत वाद आहेत. सराव केल्यानं थोडाफार येतो हे खरं. पण काही पोरांना गर्दीतली जागा आपसूक दिसते आणि काहींना शंभरदा फिल्म दाखवली तरी दिसत नाही. निवड करणारे म्हणूनच मोठ्या धावांपेक्षा छोट्या धावा जास्त बारकाईनं बघतात. जिथं काहीच जागा नव्हती तिथं या पोरानं तीन यार्ड काढले का? साठ यार्डांची धाव कधीकधी समोरच्यांच्या चुकीमुळेही मिळते. ते तीन यार्ड मात्र स्वतःचेच असतात.

नाही म्हणायला याला एक जबरदस्त अपवाद आहे, बॅरी सँडर्स. हा पठ्ठ्या मागे पळायचा, गोल फिरायचा, चार यार्ड गमवायचा आणि पुढच्या वेळी पन्नास काढायचा. १९८८ मध्ये कॉलेजच्या एका हंगामात त्यानं २६२८ यार्ड काढले. तो विक्रम आजही उभा आहे. पण कुठलाही शहाणा प्रशिक्षक नव्या पोराला सँडर्सची नक्कल करायला सांगत नाही.

धक्का बसल्यावर

आता सध्याच्या तरुण नावाकडे येऊ. अॅश्टन जेंटी. वडील नौदलात, त्यामुळे बालपणाचा काही काळ इटलीतल्या नेपल्सजवळ गेला, फुटबॉलमधले सुरुवातीचे धडेही तिथलेच. नंतर टेक्सास आणि मग आयडाहो राज्यातलं बॉयसी स्टेट विद्यापीठ. हे काही फुटबॉलमधलं सगळ्यात बडं नाव नव्हे. तो गाजू लागल्यावर मोठ्या विद्यापीठांकडून पैशांची बोलणी आली, तरी तो तिथंच राहिला.

२०२४ च्या पहिल्याच सामन्यात त्यानं २६७ यार्ड आणि सहा टचडाऊन केले. हंगाम संपला तेव्हा आकडा होता २६०१. सँडर्सच्या विक्रमाला फक्त २७ यार्ड कमी पडले. कॉलेज फुटबॉलमधल्या सगळ्यात मानाच्या हाइझमन करंडकाच्या मतदानात तो ट्रॅव्हिस हंटरच्या मागे दुसरा आला.

जेंटीची उंची पावणेसहा फुटांपेक्षा कमी, वजन ९५ किलोच्या आसपास. दिसायला गोटीसारखा, मांड्या खांबासारख्या. त्याच्या यार्डांतला अर्ध्याहून बराच मोठा वाटा पहिला धक्का बसल्यानंतरचा होता. एखादा शंभर किलोचा बचावपटू कमरेला येऊन आदळतो, आणि हा पडत नाही. एक पाय सुटतो, हात जमिनीला लागतो, पण दुसरा पाय चालूच असतो. याला ताकद म्हणणं अपुरं आहे. हा तोल आहे. पाय लहान पावलांनी सतत खाली हलते ठेवणं, अंग खाली ठेवणं, आणि धक्का नेमका समोरून न घेता खांद्याच्या कडेवर घेणं. कुस्तीच्या आखाड्यात मल्लाचं बूड खाली का हवं, तेच कारण इथं.

या तोलाचं सगळ्यात प्रसिद्ध दृश्य ८ जानेवारी २०११ चं. सिअ‍ॅटलच्या मार्शॉन लिंचनं न्यू ऑर्लिन्सविरुद्ध ६७ यार्डांची धाव काढली, वाटेत एकामागून एक बचावपटू त्याच्या अंगावर येऊन घसरून पडले. प्रेक्षकांनी असा काही थयथयाट केला की स्टेडियमजवळच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

चेंडू नसतानाचं काम

अनेक गुणी पोरं पहिल्या वर्षी बाकावर बसतात आणि घरच्यांना कळत नाही का. कारण बहुतेक वेळा एकच असतं, क्वार्टरबॅकचं रक्षण. क्वार्टरबॅक चेंडू फेकायच्या तयारीत असताना एखादा बचावपटू अचानक मोकळ्या वाटेनं त्याच्यावर धावून येतो. त्याला अडवायचं काम बऱ्याचदा रनिंग बॅकचं. कोण येणार हे चेंडू सुटण्याआधी ओळखायचं, त्याच्या वाटेत जाऊन उभं राहायचं आणि आपल्याहून १५-२० किलोनं जड माणसाचा धक्का छातीवर घ्यायचा. टाळ्या नाहीत, आकड्यांत नोंद नाही. चुकलं तर मात्र संघातला सगळ्यात महागडा खेळाडू स्ट्रेचरवरून जाऊ शकतो. कॉलेजात जो स्टार असतो त्याच्या हातात नेहमी चेंडूच असतो, त्यामुळे हे काम त्यानं फारसं केलेलंच नसतं.

झेल घेणंही आता जवळजवळ सक्तीचं झालंय. ख्रिश्चन मॅकॅफ्रीनं २०१९ मध्ये पळून १३८७ आणि झेल घेऊन १००५ यार्ड काढले. एकाच हंगामात दोन्हीकडे हजार पार करणारा तो रॉजर क्रेग आणि मार्शल फॉक यांच्यानंतरचा तिसराच.

आणि चेंडू न सोडणं. टिकी बार्बर हा न्यूयॉर्क जायंट्सचा चांगला बॅक, पण २००२ आणि २००३ अशा दोन्ही हंगामांत त्याच्या हातून नऊ-नऊ वेळा चेंडू सुटला. २००४ मध्ये टॉम कॉफलिन प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी चेंडू धरायची पद्धतच बदलली : चेंडू वर, छातीशी घट्ट, मनगट कोपराच्या वर. बोटं, तळवा, मनगट ते कोपर, दंड आणि बरगडी अशा पाच ठिकाणी चेंडू दाबला गेला पाहिजे. २००५ मध्ये बार्बरनं १८६० यार्ड काढले आणि चेंडू सुटला एकदाच. म्हणजे हा दोष सुधारतो. तरुण पोराच्या हातून चेंडू सुटतो म्हणून त्याला मोडीत काढणारे घाई करतात, ते यासाठी.

शरीराचा हिशेब

हे सगळं जमणाऱ्या पोराची खरी अडचण वेगळीच असते. हायस्कूल संपल्यावर तीन वर्षं होईपर्यंत एनएफएलमध्ये जाता येत नाही. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटनं या नियमाला कोर्टात आव्हान दिलं, खालच्या कोर्टात जिंकला आणि २००४ मध्येच वरच्या कोर्टात हरला. मग पहिला करार चार वर्षांचा, रक्कम निवडीच्या क्रमांकानुसार जवळपास ठरलेली. म्हणजे मोठ्या पैशांची बोलणी सुरू होतात तेव्हा पोरगा पंचविशीच्या आसपास असतो, आणि तोवर त्याच्या अंगावर हजारभर धक्के होऊन गेलेले असतात. जेंटीनं त्या एका कॉलेज हंगामातच १४ सामन्यांत ३७४ वेळा चेंडू घेऊन धाव काढली. जवळपास प्रत्येक धाव कुणीतरी जमिनीवर आपटूनच संपते.

टॉड गर्ली २०१५ मध्ये दहावा निवडला गेला. २०१८ मध्ये त्याला मोठा करार मिळाला. गुडघ्यानं दगा दिला, मार्च २०२० मध्ये त्याच्या संघानं त्याला सोडलं, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. अजून एक हंगाम खेळला आणि संपलं. संघांचे हिशेबनीस हेच बोट दाखवून म्हणतात की बॅकवर पैसा कशाला घालवा. २०१३ आणि २०१४ अशा सलग दोन वर्षी पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. हा युक्तिवाद हिशेबाच्या वहीत पटतो. पण चार वर्षं स्वस्तात पिळून घ्यायचं आणि मग म्हणायचं की याचे गुडघे झिजलेत, यात न्याय कुठला, हे त्या वहीत लिहिलेलं नसतं.

बार्कली हा या हिशेबाला मिळालेला जवाब. २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड, २०२० मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, जुन्या संघाशी पैशांवरून ताणाताणी. २०२४ मध्ये ईगल्सकडे आला आणि ३४५ धावांत २००५ यार्ड काढले. ९ फेब्रुवारी २०२५ ला, स्वतःच्या २८ व्या वाढदिवशी, त्यानं सुपर बोल जिंकला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती.

आणि जेंटी?

एप्रिल २०२५ मध्ये लास वेगास रेडर्सनं त्याला सहावा निवडलं, तेही निवडीआधीच्या चाचणीत तो ४० यार्ड धावलेला नसताना. कॉलेजात त्याची उभं राहायची एक लकब होती. बहुतेक बॅक गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभे राहतात. हा ताठ, हात खाली मोकळे सोडून, बस थांब्यावर उभा असल्यासारखा. तर्क साधा : ताठ उभं राहिलं की समोरच्या गर्दीच्या डोक्यांवरून जास्त दिसतं, अंगही सैल राहतं. रेडर्सकडे आल्यावर सुरुवातीला तो इतरांसारखा वाकून उभा राहू लागला. पहिल्या तीन सामन्यांत त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही, आणि सहाव्या क्रमांकाची निवड वाया गेली का अशी चर्चा लगेच सुरू झाली. २८ सप्टेंबरला शिकागो बेअर्सविरुद्ध तो पुन्हा ताठ उभा राहिला. त्या दिवशी त्यानं पळून १३८ यार्ड काढले, त्यात ६४ यार्डांची एक धाव, शिवाय झेल घेऊन दोन टचडाऊन. रेडर्स २५-२४ असे एका गुणानं हरले.