पोस्टमार्टम कशासाठी?

आजचा विषय नकोसा आहे, पण वाशीम जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत तो कुणाच्या ना कुणाच्या दारी येतोच. समजा, पावसाळ्यात कुणी भुईवर निजला आणि सकाळी उठलाच नाही. घरचे म्हणतात, "आयुष्य सरलं," आणि दुपारच्या आत अग्नी देऊन मोकळे होतात. त्याला मण्यार तर चावली नव्हती ना, हे मग कुणी सांगायचं?

मण्यार मोठी दगाबाज. रात्री निजलेल्या माणसाला चावते. सूज जवळजवळ नाही, वेदनाही थोडी, दातांची खूण शोधूनही सापडेल असं नाही. पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात, मग श्वास थांबतो. थोडी जरी धुगधुगी असेल तर आधी दवाखाना गाठा, बाकीचं मागून. पण माणूस गेलाच असेल, तर शवविच्छेदन करणारा डॉक्टर कातडी इंच इंच तपासतो, घरच्यांची हकीकत ऐकतो आणि दोन्हींचा मेळ घालतो. विषाचा संशय आला तर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या दाट पाण्यात ठेवून तपासणीला धाडतात. अशी सरकारी प्रयोगशाळा अमरावतीला आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना वीसाहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. तिथं औषध कुणी प्यालं नव्हतं. ते श्वासातून, कातडीतून अंगात गेलं. म्हणून फवारणीची हकीकत सांगणं फार गरजेचं.

विहिरीचंही तसंच. जिवंत माणूस बुडाला की पाण्यातलं अतिबारीक शेवाळं फुप्फुसात जातं आणि वाहत्या रक्ताबरोबर हाडातल्या मगजापर्यंत पोचतं. आधीच मेलेल्याचं रक्त थांबलेलं असतं, त्याच्या मगजात ते सहसा सापडत नाही. ताळा पाहायला विहिरीचं पाणीही तपासावं लागतं बरं का.

आणि पैनगंगेच्या पुरात वाहून आलेला देह कुणाचा? चेहरा ओळखू येत नाही, कपडे फसवतात. गोंदण मात्र टिकतं. त्याचा रंग कातडीच्या खालच्या थरात असतो. वरचा पापुद्रा सुटला की ते उलट ठळक दिसतं. शिवाय दात आहेत, मोडून जुळलेलं हाड आहे. शेवटी हाडातला डीएनए आईबापांच्या, लेकरांच्या रक्ताशी ताडून पाहतात.

"आधीच दुःख, त्यात चिरफाड कशाला?" असं आपल्या आयाबाया म्हणतात, ते खोटं नाही. पण शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूबद्दल गोपीनाथ मुंडे योजनेतून घरच्यांना २ लाख रुपये मिळतात आणि त्यात सर्पदंशही येतो. कागद नसले की विधवेच्या अर्जाला आधार राहत नाही.

तेव्हा पोलीस पाटलांना लगेच कळवा. पंचनाम्याला गावातले निदान दोन प्रतिष्ठित लोक लागतात, असं नव्या संहितेचं १९४ वं कलम सांगतं. ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. गुरुजी, पंच म्हणून बहुधा तुम्हालाच बोलावतील. वाचल्याशिवाय सही करू नका. देह धुऊ देऊ नका, आणि जवळ औषधाचा डबा पडला असेल तर तो पंचनाम्यात लिहवून घ्या. प्रयोगशाळेत आधी काय शोधायचं, ते त्या डब्यावरूनच कळतं.