उसाच्या पट्ट्यातला कारवानी

जुन्नर-आंबेगावात कुत्रा पाळायचा तर आधी बिबट्याचा विचार करावा लागतो. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या धरणांमुळे पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या रुळला. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. तिथल्या बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा, ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला.

अशा मुलखात कारवानीचं पिल्लू आणणारा बहुतेकदा ‘शिकारी कुत्रा आहे, राखण करील’ एवढ्याच भरवशावर आणतो आणि मोठं झालं की गोठ्याच्या खांबाला बांधून टाकतो. मला हा त्या जातीवर अन्याय वाटतो. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळायला वाट नसते, आणि पळणं हेच तर याचं एकमेव शस्त्र.

कारवानी, मुधोळ, लांब केसांचा पश्मी ही सगळी एकाच घराण्यातली नावं. व्यापारी तांड्यांबरोबर त्यांचे पूर्वज पश्चिम आणि मध्य आशियातून दख्खनेत उतरले असं मानतात. अरबस्तानातल्या सालुकीशी त्यांचं साम्य पाहिलं की ते पटतंही. मराठवाडा, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकाच्या उघड्या माळांवर ही जात टिकली. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी तिची पैदास जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली. आज मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्र आहे, आणि २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढलं.

वासापेक्षा नजरेवर शिकार करणाऱ्या या कुळात अगदी चिमुकलेही आहेत. इटालियन ग्रेहाउंड जेमतेम पाच किलोचा. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक त्याच्यासाठी इतका वेडा होता की, आपल्याला आपल्या कुत्र्यांशेजारीच पुरावं अशी इच्छा त्याने लिहून ठेवली. ती १९९१ साली पुरी झाली. आपला कारवानी खांद्याशी सव्वादोन फुटांचा, पण स्वभाव त्याच घरातला. घरच्या एक-दोघांवर जीव टाकणारा, परक्याने अंगाला हात लावलेला न खपणारा, घरात तासन्‌तास निवांत पडून राहणारा. दरडावलं की तो हिरमुसतो आणि शिकायचं सोडून देतो. समोर काही पळालं मात्र, की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. सशामागे त्याला मुद्दाम सोडणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हे ‘हौस’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

त्याची मान जवळपास डोक्याएवढ्याच घेराची, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढताच निसटतो. रुंद, नीट बसणारा पट्टा घ्या. कातडी पातळ, केस आखूड. उसाच्या पात्याने सहज चिरते, म्हणून फडात सोडू नका. अंगावर चरबी नाही, तेव्हा मंचर-ओतूरच्या पौषातल्या थंडीत गोणपाट आणि आडोसा हवाच. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणं म्हणजे उपासमार नव्हे. भाकरी-ताकावर हाडं भरत नाहीत, जोडीला अंडी किंवा मटण द्या. नारायणगावच्या बागायतदारांनी द्राक्षं आणि मनुका मात्र त्याच्यापासून लांब ठेवाव्यात, त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गोचीड रोज पाहा, रेबीजची लस चुकवू नका. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा, कारण या कुळाला भुलीची काही औषधं फार वेळ चढून राहतात.

दिवस मावळायच्या आत त्याला घरात घ्या, निदान वरूनही जाळी असलेल्या पक्क्या खोलीत. दिवाळीत फटाक्यांना बिथरून उसात पळालेला कारवानी परत येईलच असं नाही. रात्री घरात जागा देता येणार नसेल, तर या भागात कारवानीचं पिल्लू आणू नका.