२३० व्होल्टच्या इस्त्रीला १५०० व्होल्ट कशासाठी?

आपण इस्त्री विकत घ्यायला जातो तेव्हा दुकानदार ती प्लगला लावून दाखवतो. तांबडा दिवा लागतो, थोड्या वेळात तळ तापतो आणि आपण समाधानाने पैसे देतो. इस्त्री चालते, एवढे यातून कळते. ती हाताळणाऱ्याला शॉक बसणार नाही ना, हे मात्र यातून मुळीच कळत नाही. तापणारी तार आणि धातूचा तळ यांच्यामध्ये विसंवाहक पदार्थाचा काही मिलिमीटरांचा थर असतो. पूर्वी तो अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांचा असे. आता बहुतेक ठिकाणी धातूच्या नळीत घट्ट दाबून बसवलेल्या मॅग्नेशिअम ऑक्साइडच्या भुकटीचा असतो. हा थर आणि आतल्या तारांवरची आवरणे धड आहेत की नाहीत, यावर कपड्यांवरून इस्त्री फिरवणाऱ्याचा जीव अवलंबून असतो.

ही तपासणी कारखान्यात होते आणि तीही नमुन्यादाखल चार-दोन नगांची नव्हे, तर तयार झालेल्या प्रत्येक नगाची. जुळणीच्या रांगेच्या शेवटी इस्त्रीला क्षणभर १००० ते १५०० व्होल्टचा दाब देतात. कामगारांच्या बोलीत ही ‘एचव्ही टेस्ट’, म्हणजे उच्च विद्युतदाब चाचणी. हे वर्गात सांगितले की एखादा विद्यार्थी विचारतोच : इस्त्री चालणार २३० व्होल्टवर, मग तपासणीही २३० व्होल्टवर का करत नाहीत? प्रश्न चांगला आहे. त्याच्या उत्तरातच या चाचणीचे सगळे मर्म आहे.

फट गप्प का बसते?

समजा, जुळणी करताना तारेचा एक बारीक धागा स्क्रूखाली नीट दाबला गेला नाही. तो बाहेर राहिला आणि त्याचे टोक इस्त्रीच्या धातूच्या भागापासून अवघ्या ०.२ मि.मी. अंतरावर आले. मधे फक्त हवा आहे. आता २३० व्होल्टचा पुरवठा जोडला तर काय होईल?

घरातील वीज प्रत्यावर्ती असते. २३० व्होल्ट हे तिचे परिणामी मूल्य आहे. प्रत्येक आवर्तनात दाब त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. हवेतून ठिणगी पडायला किती दाब लागतो, याचा अभ्यास फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने केला आणि १८८९ साली तो प्रसिद्ध केला. फट अरुंद केली की ठिणगीला लागणारा दाब कमी होतो, हे अपेक्षितच होते. पण तो कमी होत होत शून्यावर जात नाही. सुमारे ३३० व्होल्टला तो थांबतो आणि फट आणखी अरुंद केली तर उलट वाढू लागतो. याचे कारण असे की ठिणगी पडायची तर इलेक्ट्रॉनांनी वाटेत हवेच्या रेणूंवर आदळून नवे इलेक्ट्रॉन मोकळे करावे लागतात. फटच इतकी अरुंद असली की वाटेत पुरेसे रेणू भेटत नाहीत, तर ही साखळी सुरू होणे कठीण होते.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. घरच्या विजेचे शिखरमूल्य ३२५ व्होल्ट, आणि हवेत ठिणगी पडण्यास लागणारा किमान दाब सुमारे ३३० व्होल्ट! म्हणजे आपला धागा ०.२ मि.मी. अंतरावर असो की त्याच्या दहाव्या भागाइतक्या अंतरावर, २३० व्होल्टवर तो गप्पच बसणार. दुकानातील दिवा लागेल, तळ तापेल आणि दोष तसाच राहील.

दोष गप्प आहे, म्हणजे तो निरुपद्रवी आहे असे नव्हे. घरी आणल्यावर ती इस्त्री हजारो वेळा पुढेमागे फिरते, आपटते, तिच्या दोरीला हिसके बसतात. धागा ०.२ मि.मी. सरकायला किती वेळ लागणार? पावसाळ्यात फटीत दमट धूळ साठते. शिवाय जवळपास वीज कोसळली किंवा मोठे यंत्र चालू-बंद झाले, की तारांमधून काही मायक्रोसेकंदांपुरती दाबाची लाट येते. प्लगला जोडलेल्या २३० व्होल्टच्या उपकरणापर्यंत २५०० व्होल्टची अशी लाट येऊ शकते, असे आंतरराष्ट्रीय मानकांत गृहीत धरलेले आहे.

हाच नग १५०० व्होल्टला जोडला तर शिखरमूल्य २१२० व्होल्टच्या आसपास जाते. इतक्या दाबाला हवेतील सुमारे ०.४ मि.मी.पेक्षा कमी रुंदीची फट तग धरत नाही. आपल्या धाग्यापाशी ठिणगी पडते, प्रवाह एकदम वाढतो आणि चाचणीयंत्र भोंगा वाजवून दाब बंद करते. दोष बोलू लागला!

सायकलचे पंक्चर काढणारा हेच करतो. ट्यूबमध्ये हवा भरून तो ती पाण्याच्या घमेल्यात बुडवतो. हवा कमी असेल तर बारीक छिद्रातून बुडबुडा येत नाही. दाब वाढवला की छिद्र आपली जागा स्वतःच दाखवते. आणि दाब बेसुमार वाढवला, तर चांगली ट्यूबही फुटते.

म्हणून हा दाब किती असावा, हे ठरवून दिलेले असते. विजेच्या मोटारींसाठी नेहमीचा नियम असा : मोटारीच्या दाबाची दुप्पट अधिक १००० व्होल्ट, आणि निदान १५००. २३० व्होल्टसाठी हे उत्तर १४६० येते, म्हणून १५०० घ्यायचे. घरगुती उपकरणांसाठी मानकांत वेगळी कोष्टके आहेत. अर्थिंगची तार असलेल्या उपकरणाला कारखान्यात निदान १००० व्होल्ट. तर दोन पिनांच्या, दुहेरी आवरणाच्या उपकरणाला २५०० व्होल्टच्या घरात. दुसऱ्या प्रकारात अर्थिंगचा आधार नसतो, सगळी भिस्त आवरणावरच असते. त्यामुळे त्याची परीक्षाही कडक.

चाचणी कशी घेतात?

इस्त्रीच्या प्लगच्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही पिना एकत्र जोडून त्यांना उच्च दाब देतात. यंत्राचे दुसरे टोक अर्थच्या पिनेला आणि धातूच्या तळाला जोडतात. येथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे : १५०० व्होल्ट दिले तर तापणारी तार जळून कशी जात नाही? उत्तर सोपे आहे. तारेची दोन्ही टोके एकाच विभवावर आहेत, त्यामुळे तिच्यातून प्रवाह वाहत नाही. सगळे विभवांतर तार आणि तळ यांच्यामध्ये, म्हणजे नेमके विसंवाहकावर पडते.

प्रवाहाची मर्यादा यंत्रात आधी ठरवलेली असते, बहुधा ५ मिलिअँपिअर. त्याहून अधिक प्रवाह वाहिला की नग नापास. नव्या रचनेचे उपकरण प्रयोगशाळेत मंजूर करून घेताना दाब पूर्ण एक मिनिट ठेवतात. कारखान्यात प्रत्येक नगाला एवढा वेळ देणे परवडत नाही, म्हणून तेथे एक सेकंद पुरतो. वेळ कमी केल्याबद्दल दाब २० टक्के वाढवावा, असे काही मानके सांगतात.

चांगल्या इस्त्रीतून या वेळी प्रवाह किती वाहत असेल? शून्य, असे उत्तर हमखास येते, आणि ते चूक आहे. तार आणि तळ हे दोन संवाहक, मधे विसंवाहक. म्हणजे हे एक धारित्रच झाले. त्याची धारिता ५०० पिकोफॅरड धरू या. ५० हर्ट्‌झच्या प्रत्यावर्ती दाबाखाली त्यातून वाहणारा प्रवाह

२ × ३.१४ × ५० × (५०० × १०⁻¹²) × १५०० = सुमारे ०.२४ मिलिअँपिअर.

२३० व्होल्टवर हाच प्रवाह ०.०४ मिलिअँपिअरहून कमी भरतो. माणसाला प्रवाहाची जाणीव साधारण अर्ध्या ते एक मिलिअँपिअरला होते, म्हणून ही गळती आपल्याला कळतही नाही. सुमारे १० मिलिअँपिअरला स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढे, प्रवाह काही वेळ वाहत राहिला तर, हृदयाला धोका असतो.

खोटा ‘पास’

चांगल्या नगातून थोडा प्रवाह वाहतोच, या गोष्टीचा मोठा उपयोग आहे. चाचणीयंत्राने शून्य दाखवले, तर वस्तू उत्तम आहे असे समजायचे नाही. चाचणीच झाली नसावी असे समजायचे. यंत्राची तार तुटली असेल, टोक तळाला टेकले नसेल. अशा वेळी दाब कुठेच पोचत नाही, प्रवाह वाहत नाही आणि यंत्र खुशाल हिरवा दिवा लावते. म्हणून चांगल्या यंत्रात प्रवाहाची वरची मर्यादा असते तशी खालचीही ठेवता येते.

दुसरी चूक स्विचची. उपकरणाचा स्विच किंवा इस्त्रीतील तापनियंत्रक बंद स्थितीत राहिला, तर त्याच्या पलीकडच्या भागापर्यंत दाब पोचेलच अशी खात्री राहत नाही. चाचणी झाली ती फक्त दोरीची!

तिसरी चूक अर्थिंगची. यंत्राचे दुसरे टोक केवळ अर्थच्या पिनेला जोडले असेल आणि आत अर्थची तारच तुटलेली असेल, तर तळापर्यंतचे मंडल पूर्ण होत नाही. विसंवाहक फुटका असला तरी नग पास होतो. म्हणजे शॉकपासून वाचवणाऱ्या दोन्ही गोष्टी बिघडलेली इस्त्री ‘उत्तम’ ठरते. म्हणून अर्थिंगची चाचणी आधी घेतात. अर्थची पिन आणि तळ यांच्यामधून निदान १० अँपिअर प्रवाह सोडून रोध मोजतात. दोरीसह तो ०.२ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा लागतो. साध्या मल्टिमीटरने हे काम भागत नाही, कारण तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मल्टिमीटरला ती तार अखंडच वाटते.

दक्ष कारखान्यात रोज काम सुरू होण्यापूर्वी मुद्दाम दोष ठेवलेला एक नग यंत्राला लावतात. यंत्राने त्याला नापास केले, तरच ते त्या दिवशी कामाला योग्य. परीक्षकाचीच परीक्षा म्हणा ना.

चाचणीच्या मर्यादा

उच्च दाब विसंवाहकावर ताण आणतो. त्यातील सूक्ष्म पोकळ्यांत हवेचे आयनीभवन होते आणि आतला पृष्ठभाग किंचित झिजतो. एका सेकंदाने काही बिघडत नाही, पण तीच चाचणी पुन्हा पुन्हा घेणे बरे नव्हे. मोटारींची उच्च दाब चाचणी पुन्हा घ्यावी लागली, तर ती मूळ दाबाच्या ८० टक्क्यांवर घेतात.

दुसरी मर्यादा अशी की ही चाचणी त्या दिवशीची स्थिती सांगते. मॅग्नेशिअम ऑक्साइड हवेतील ओलावा शोषून घेते. नळीच्या टोकाचे सील कालांतराने फाटले, तर कारखान्यात पास झालेला विसंवाहक ओला होऊन गळू लागतो. दोरी इस्त्रीत शिरते तेथे ती सतत वाकते आणि आवरण चिरते. आणि इस्त्री दुरुस्तीला उघडली, की कारखान्यातील चाचणीचा निकाल रद्द झाला असे समजावे. दुरुस्तीनंतर मेगर या उपकरणाने, ५०० व्होल्टच्या दिष्ट दाबावर, विसंवाहकाचा रोध तरी मोजून घ्यावा. तो काही मेगओहम भरायला हवा. मेगरची चाचणी उच्च दाब चाचणीची जागा घेऊ शकत नाही, आपल्या धाग्यासारखी फट तिला दिसणार नाही. पण ओलावा आणि जळालेले आवरण ती पकडते.

आपल्या देशात घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी ‘आयएस ३०२’ हे मानक आहे. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९८७ साली तिचे भारतीय मानक ब्यूरोत रूपांतर झाले. आयएसआयची खूण मात्र जुन्याच नावाची राहिली. केंद्र शासनाच्या २००३ सालच्या आदेशाने इस्त्री, पाणी तापवण्याची कांडी, गीझर अशा वस्तूंना ही खूण सक्तीची झाली. खूण असलेल्या वस्तूच्या उत्पादकाने प्रत्येक नगाची उच्च दाब चाचणी घेणे अपेक्षित असते.

वर्गात काय करता येईल?

एक गोष्ट आधीच बजावून सांगितली पाहिजे. ही चाचणी शाळेत कधीही करून पाहू नये. हा दाब प्राणघातक आहे. कारखान्यातही चाचणीची जागा कुंपणाने वेगळी केलेली असते. कामगाराच्या पायाखाली रबरी चटई असते आणि दोन्ही हातांनी दोन बटणे दाबून धरल्याशिवाय दाब सुरू होत नाही, म्हणजे एकही हात नगावर राहू शकत नाही.

शाळेत ट्यूबचा प्रयोग करता येईल. टाचणीने बारीक छिद्र पाडलेली जुनी ट्यूब घ्या. पंपाचे किती फटके मारल्यावर पाण्यात पहिला बुडबुडा येतो, ते गटागटाने मोजा. मग विद्यार्थ्यांना विचारा : त्याआधी ट्यूब चांगली होती का? वरच्या वर्गांना धारितेचे गणित वेगवेगळ्या आकड्यांनी करायला द्या. आणि घरचा अभ्यास म्हणून, प्लग काढून ठेवलेल्या इस्त्रीची नुसती पाहणी सांगा : दोरी मानेपाशी चिरली आहे का, प्लग तीन पिनांचा आहे का, आयएसआयची खूण आहे का. प्लगची तिसरी पिन कोणी कापून टाकलेली आढळली, तर त्या घरात शॉकच्या आड फक्त एक पातळ विसंवाहक उभा आहे, हे आता विद्यार्थीच घरच्यांना समजावून सांगतील.

आपण शिक्षक परीक्षा घेतोच. सगळ्यांना येतील असेच प्रश्न विचारले, तर कच्चे कुठे राहिले ते कळत नाही, आणि ते नंतर प्रत्यक्ष अडचणीच्या वेळी उघडे पडते. इस्त्रीच्या बाबतीत ती वेळ कोणाच्या तरी हातात येते. म्हणून हा कठीण प्रश्न कारखान्यातच, आणि प्रत्येक नगाला विचारायचा.