मोटारीचे दिवे वाचा

आपण अक्षरे वाचायला शिकलो. एस.टी.ची पाटी वाचतो, दुकानाचे बिल वाचतो. मोटार चालवणाऱ्याला आणखी एक वाचन यावे लागते. ते म्हणजे स्टिअरिंगसमोरच्या दिव्यांचे.

चंद्रपूर, मूल, गडचिरोलीच्या रस्त्यांवर आता हायब्रीड मोटारी दिसू लागल्या आहेत. या मोटारीत पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटरही असते. ब्रेक दाबला की चाकांच्या फिरण्यातून वीज तयार होते. ती एका मोठ्या बॅटरीत साठते. पुढे तीच वीज गाडी ओढते. त्यामुळे पेट्रोल कमी लागते. जपानात १९९७ साली टोयोटा कंपनीने प्रियस ही अशी मोटार विकायला काढली. आपल्याकडे २०२२ साली ग्रँड व्हिटारा, इनोव्हा हायक्रॉस अशा गाड्यांचे हायब्रीड प्रकार आले.

रंग ओळखा

आधी रंग पाहा. हिरवा किंवा निळा दिवा म्हणजे एखादी वस्तू चालू आहे. पिवळा म्हणजे दोष आहे, लवकर तपासून घ्या. लाल म्हणजे धोका आहे. गाडी जपून बाजूला घ्या आणि थांबा.

मग चित्र पाहा. लाल तेलाची बुधली दिसली तर इंजिनात ऑइलचा दाब कमी झाला आहे. तसेच पुढे दामटाल, तर इंजिन जाम होईल. पाण्यात बुडालेली तापनळी लाल दिसली तर इंजिन फार तापले आहे. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. वाफेने हात-तोंड भाजेल. लाल बॅटरीचे चित्र बहुधा लहान १२ व्होल्टच्या बॅटरीबद्दल असते. मोठ्या बॅटरीचा दोष असेल, तर पडद्यावर तसा इशारा वेगळा येतो.

गाडी सुरू करताना यातले बरेच दिवे क्षणभर लागतात आणि विझतात. ती त्यांची हजेरी आहे. जुनी गाडी घेताना ही हजेरी नीट पाहा. इंजिनाचा पिवळा दिवा मुळीच लागला नाही, तर विचारा, "भाऊ, हा दिवा का लागत नाही?" दोष लपवायला कोणी तो बंद केलेला असू शकतो.

इंजिन गप्प, पण गाडी चालू

हायब्रीड गाडी उभी राहिली की इंजिन पुष्कळदा आपोआप बंद होते. आवाज येत नाही. पण समोर इंग्रजीत 'रेडी' ही हिरवी अक्षरे दिसत असतील, तर गाडी चालू आहे. पाय पडला की ती निघेल. इंजिनही आपणहून सुरू होईल. म्हणून बॉनेट उघडण्याआधी बटण दाबून गाडी बंद करा. 'रेडी' विझले ना, ते पाहा. मगच हात घाला.

नारिंगी रंगाच्या जाड तारांना मात्र कधीच हात लावू नका. मोठ्या बॅटरीत २०० व्होल्टच्या आसपास वीज असते. हा झटका जीव घेऊ शकतो. पावसाळ्यात भामरागडजवळ पर्लकोटा नदी पुलावरून वाहते. अशा पाण्यात हायब्रीड गाडी बुडाली, तर पाणी ओसरल्यावर ती चालू करून पाहू नका. टो करून जाणत्या कारागिराकडे न्या.

कोड लिहून घ्या

दिवा म्हणजे अंगातला ताप समजा. ताप आहे एवढे कळते. मलेरिया आहे की सर्दी, हे रक्त तपासल्यावर कळते. गाडीचेही तसेच आहे. स्टिअरिंगखाली १६ पिनांची एक जागा असते. तिथे मिस्त्री स्कॅनर जोडतो. मग पडद्यावर कोड उमटतो.

दोन कोड पाहा. 'पी०ए७ई' म्हणजे मोठी बॅटरी फार तापली. 'पी०ए८०' म्हणजे बॅटरी कमजोर झाली, बदलावी लागेल. दिसायला दोन्ही सारखेच. खर्चात मात्र फार फरक!

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. रस्त्याला धूळ, कोळशाची भुकटी. अनेक गाड्यांत मोठी बॅटरी आतल्या हवेने थंड होते. ती हवा सीटजवळच्या जाळीतून जाते. जाळी धुळीने बुजली, किंवा तिच्यापुढे सामानाचे पोते ठेवले, की बॅटरी तापते. अशा वेळी जाळी साफ करून काम भागू शकते. नवी बॅटरी घ्यायची तर लाखाच्या घरात खर्च जातो. भाड्याची गाडी चालवणाऱ्याची वर्षाची कमाई त्यात बुडेल.

म्हणून मिस्त्री "बॅटरी गेली" म्हणाला, तर लगेच होकार देऊ नका. कोड वहीत जसाच्या तसा उतरवा. जाळी पाहिली का, लहान बॅटरी तपासली का, मोठ्या बॅटरीच्या प्रत्येक भागाचे व्होल्ट मोजले का, हे विचारा. हमीचा कागदही काढा. टोयोटा आपल्या हायब्रीड बॅटरीची ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देते. यातले जे आधी पुरे होईल, तिथे हमी संपते.

कोणी नुसता कोड पुसून दिवा विझवून देतो. त्याने दोष जात नाही. आलापल्लीच्या पुढे जंगलात, जिथे फोनही लागत नाही, तिथे तोच दिवा पुन्हा लागेल. गाडीत रोगी असेल, बाळंतीण असेल. तेव्हा निघण्याआधीच दिवे वाचा.

सांगा पाहू

१. लाल दिवा लागला तर काय कराल?
२. बॉनेट उघडण्याआधी कोणती अक्षरे विझली पाहिजेत?
३. कोणत्या रंगाच्या तारांना हात लावायचा नाही?
४. कोड वहीत का उतरवायचा?