छोटा कॅमेरा घेताना आणि वापरताना

बॉबलिंगेनमध्ये डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आपले घरगुती कार्यक्रम सुरू होतात त्यानंतर. वाढदिवस असो की हळदीकुंकू, सगळं दिव्यांच्या उजेडात. म्हणून छोटा डिजिटल कॅमेरा घेताना "मेगापिक्सेल किती?" हा प्रश्न बाजूला ठेवा. "कमी उजेडात फोटो कसे येतात?" हे आधी विचारा.

१० बाय १५ सेंटीमीटरच्या चांगल्या प्रिंटला साधारण २ मेगापिक्सेल पुरतात. फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने. स्वस्त कॅमेऱ्यांत तो बहुधा सुमारे ६ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. 'एक इंच' नावाने मिळणारा सेन्सर असतो सुमारे १३ बाय ९ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. दुसरा आकडा लेन्सवरचा. एफ १.८ ची लेन्स एफ ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. झूम केल्यावर हा आकडा बदलतो, म्हणून दोन्ही टोकांचे आकडे बघा. झूमही ऑप्टिकलच मोजा. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा केलेला.

मग फोन काय वाईट? काहीच नाही. जेवणाच्या टेबलाभोवतीचे फोटो हवे असतील, तर पैसे वाचवा. शाळेच्या कार्यक्रमात मागच्या रांगेतून मुलीचा चेहरा टिपायचा असेल, तर कॅमेऱ्याचा खर्च वसूल होतो. जुना घेणार असाल, तर लेन्स नीट आत-बाहेर होते का आणि त्याची बॅटरी अजून मिळते का, हे पाहूनच पैसे द्या.

खिशात मावणारा कॅमेरा आपल्या या भागाला नवा नाही. कोडॅकचा घडीचा रेटिना १९३४ मध्ये शेजारच्या स्टुटगार्टच्या कारखान्यातून बाजारात आला. तो जवळ बाळगता यायचा, हेच त्याचं मोठं काम. तुमचा कॅमेराही कपाटात नको, जॅकेटच्या खिशात हवा.

आता वापराबद्दल. पळणाऱ्या मुलासाठी शटर १/२५० सेकंद ठेवा, बसलेल्या आजींसाठी १/६० चालेल. त्यासाठी आयएसओ वाढला तर वाढू द्या. थोडा रवाळ फोटो चालतो, हललेला चालत नाही. ओबरर झे तलावाकाठी बर्फ पडलं की कॅमेरा ते करडं दाखवतो, तेव्हा एक्स्पोजर +१ करा. पणत्यांसाठी उलट: फ्लॅश बंद आणि -१. भारतात गेल्यावर घड्याळ बदला. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेतीन. नाहीतर मुंजीचे फोटो भलत्याच वेळेचे दिसतात.

बालवाडीतल्या इतर मुलांचे चेहरे असलेला फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्यांच्या पालकांना विचारा. जर्मनीत स्वतःच्या छायाचित्रावर ज्याचा त्याचा कायदेशीर हक्क असतो.

आणि शेवटचं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी जपा. महिन्याला वीस फोटो निवडून डीएमसारख्या दुकानात प्रिंट काढा आणि गावी जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा. आजी-आजोबांना नातवंडांचं मोठं होणं बहुतेक फोटोंतच दिसतं. ते त्यांना चष्मा लावून, हातात धरून, सावकाश बघता आलं पाहिजे.