गाव तेच, गोष्ट नवी

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला की धाराशिवच्या आमच्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो. यंदा त्याच्या मागे खुर्ची ओढून बसलो. संगणकाच्या पडद्यावर एक गाव होते. विहीर होती, लोहाराची भट्टी होती आणि वेशीवर एक म्हातारा बसला होता.

"हे गाव तू मागच्या सुट्टीतही दाखवलं होतंस," मी म्हणालो.

"गाव तेच आहे आबा. पण त्या म्हाताऱ्याकडे आता नवी गोष्ट आलीय."

इंटरनेटवर हजारो माणसे एकाच वेळी खेळतात, असे हे खेळ. प्रत्येकाचे एक पात्र असते आणि ते गावोगाव फिरून कामगिऱ्या पार पाडते. त्या संपल्या की माणसे कंटाळतात, म्हणून कंपनीला सतत नवे काहीतरी द्यावे लागते. नवा प्रदेश उभारायचा तर झाडापासून उंबऱ्यापर्यंत सारे नव्याने रेखाटावे लागते. जुन्या गावात नवी गोष्ट घातली तर खर्च कमी, आणि ओस पडलेले गावही पुन्हा गजबजते. पहिले कारण माझ्यातल्या बँक अधिकाऱ्याला लगेच पटले. दुसरे कादंबरीकाराला भावले.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. तेरचेच पाहा. रोमशी व्यापार करणारे हे प्राचीन 'तगर'. इथले विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. मागची भिंत अजून अर्धगोल आहे, पण पूजा विष्णूची होते. त्याच गावात पुढे गोरोबाकाका चिखल तुडवू लागले आणि तेर संतांचे झाले. नळदुर्गचा पाणीमहाल आदिलशाहीतला. किल्ल्याचे नाते मात्र लोकांनी नळराजाशी जोडले. वास्तू उभी राहिली आणि गोष्टींचे थर चढत गेले.

पण नव्या गोष्टीसाठी जुने गावच मोडले तर?

माझा मुलगा कॉलेजात असताना 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळायचा. हा खेळ २००४ साली आला. २०१० च्या डिसेंबरात कंपनीने 'कॅटॅक्लिझम' नावाची भर घातली. तिच्या कथेत एका महाकाय ड्रॅगनने धरणी फाडली. एक सलग माळरान दुभंगून दोन झाले, ओळखीच्या वाटा बदलल्या, कितीतरी जुन्या कामगिऱ्या कायमच्या गेल्या. नवे सारे देखणे होते. तरी जुन्या जगासाठी लोक हळहळत राहिले आणि अखेर २०१९ साली कंपनीने ते वेगळ्या आवृत्तीत परत आणले. 'रूनस्केप' या दुसऱ्या खेळाची २००७ सालची प्रत कंपनीकडे जपलेली होती. २०१३ साली तिच्यावरून जुना खेळ पुन्हा सुरू झाला. तिथे महत्त्वाची नवी भर घालण्याआधी खेळणाऱ्यांचे मत घेतात.

मुलगा हे सांगत होता आणि मला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवत होती. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते. चार वाजायच्या सुमारास लातूर आणि आपल्या जिल्ह्याची सीमा हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. हजारो माणसे झोपेतच गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. रस्ते रुंद, घरे भूकंपाला टिकणारी, सारे आखीव ओळींत.

तेव्हा मी त्या पट्ट्यातल्या एका शाखेत होतो. म्हशीच्या कर्जासाठी एक बाई आल्या. वय पन्नाशीचे, घरातली तीन माणसे गेलेली. अर्ज भरताना मी पत्ता विचारला.

"पारापासून तिसरं घर. शेजारी सुताराचा वाडा."

ते घर नव्हते, पारही उरला नव्हता. शेजारच्या वाड्यातले कोणीच राहिले नव्हते. अर्जावर मी नव्या वसाहतीतला प्लॉट क्रमांक लिहिला. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला. तोंडी काही राहिला नाही.

नातू इतका वेळ ऐकत होता. म्हणाला, "जुनं गाव परत नाही आणता आलं?"

"त्याची प्रत कोणी ठेवली नव्हती रे."

"मग?"

मग चार वर्षांनी वसुलीच्या फेरीत मी त्या गावी गेलो. सगळ्या गल्ल्या सारख्याच, घर काही सापडेना. शेवटी त्याच बाई रस्त्यात भेटल्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "साहेब, नंबर कशाला हुडकता? मारुतीच्या देवळापासून तिसरं घर. दारात म्हैस हाय की."

ते देऊळ सरकारी आराखड्यात नव्हते. गावाने वर्गणी काढून बांधले होते. हप्ता घेतला, चहा प्यालो आणि पावतीवर क्रमांकाखाली कंसात तोही पत्ता लिहिला.