सैन्य गेलं, सरकार तीन वर्षं टिकलं

15 फेब्रुवारी 1989. जनरल बोरिस ग्रोमोव्ह अमू दर्यावरचा पूल ओलांडून सोव्हिएत हद्दीत परतले आणि अफगाणिस्तानातली परकी फौज संपली. मॉस्कोच्या पाठिंब्यावरचं अफगाण अध्यक्ष नजीबुल्ला यांचं सरकार काही महिन्यांत कोसळेल, असं बहुतेकांना वाटत होतं.

तसं झालं नाही. मार्चमध्ये सरकारविरोधी मुजाहिदीनांनी जलालाबादला वेढा घातला, पण अफगाण सैन्याने शहर राखलं. 1990 मध्ये खुद्द संरक्षणमंत्री शाहनवाज तनाई यांनी बंड केलं, तेही फसलं. हा इतिहास फारसा सांगितला जात नाही, आणि तो सांगायलाच हवा: सैनिक गेले तरी मॉस्कोहून शस्त्रं, इंधन, धान्य आणि पैसा येत होता. त्याच जोरावर नजीबुल्ला उत्तरेतल्या मिलिशियांना आपल्या बाजूला ठेवू शकले.

सोव्हिएत संघच विसर्जित झाला आणि 1992 उजाडताच ही रसद आटली. मग त्या मिलिशियांपैकी एकीचे प्रमुख जनरल दोस्तम नजीबुल्लांवर उलटले. एप्रिलमध्ये भारतात निघालेल्या नजीबुल्लांना काबूल विमानतळाच्या वाटेवरच अडवण्यात आलं. त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात आसरा घेतला.

सरकार कोसळलं, पण विजेत्या मुजाहिदीन गटांचं आपसांत पटलं नाही. त्यांच्यातल्याच एका गटाचे नेते हिकमतयार यांच्या रॉकेटांनी काबूल उद्ध्वस्त केलं. इतकी वर्षं बऱ्यापैकी सुरक्षित राहिलेल्या राजधानीत हजारो नागरिक मेले. सप्टेंबर 1996 मध्ये तालिबानने शहर घेतलं आणि नजीबुल्लांना ठार मारलं.